लचकीच्या कमरेला दिलेले तीन फेरे

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. म्हणाले, "काका, वाफेच्या इंजिनावर तुम्ही आयुष्य काढलंत, त्यातले गमतीदार अनुभव लिहा. हलकंफुलकं असू द्या, दिवाळी आहे." मी हो म्हणालो. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही आणि डाव्या कानाला फक्त हो म्हणण्याजोगंच ऐकू येतं. त्यानंतर दोन महिने गेले. गमती आठवतात, लिहायला बसलो की हात जड होतो. कारण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती बाजूला ठेवून बाकीच्या लिहिणं मला जमेना. आता या वयात नाटक करण्याचाही कंटाळा येतो.

मी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. पोहरादेवीची यात्रा आमच्या उंबऱ्यावरून जाते म्हणा ना. आईबाप दर वर्षी दिवाळी झाली की तिकडे पश्चिमेला ऊस तोडायला जायचे, पाठोपाठ थोरला भाऊ उत्तम जायला लागला. मी कसाबसा आयटीआय झालो आणि ज्या साखर कारखान्यात आमची माणसं ऊस घालायची, तिथेच फिटर म्हणून लागलो. आमच्या तांड्यावरून त्या कारखान्याच्या फाटकातून हातात कोयता न घेता आत गेलेला मी पहिला. आईला त्याचं एवढं अप्रूप होतं की माझी तेलकट खाकी पँट ती धुवायला काढायची नाही, लोकांना दिसावी म्हणून दोरीवर तशीच टाकायची.

कारखान्याला लांबच्या शिवारातून ऊस आणायला स्वतःची छोटी लाइन होती. रूळ इतके जवळ की दोन्ही रुळांवर दोन पाय ठेवून उभं राहता यावं. बाकीची तीन इंजिनं साधी, लहान. चौथी लचकी. नाव आमचंच. कागदोपत्री तिला नुसता नंबर होता.

लचकी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाला ओढायची ताकद हवी तर चाकं जास्त लागतात, चाकं जास्त झाली की इंजिन लांब होतं, आणि लांब इंजिन छोट्या लाइनच्या कातर वळणावर वळत नाही, रुळावरून उतरतं. त्यावर कुण्या परदेशी डोक्यानं तोड काढली. बॉयलर एकच ठेवला, पण खाली चाकांचे गाडे दोन केले. मागचा गाडा बॉयलरला पक्का बसवलेला. पुढचा गाडा मधोमध एका जाड पिनेवर अडकवलेला, तो वळणावर स्वतंत्र डावी-उजवीकडे फिरतो. बॉयलरचं तोंड त्याच्यावर नुसतं टेकलेलं असतं, घसरतं. वळणावर बाजूनं पाहिलं की इंजिन कमरेत वाकल्यासारखं दिसायचं. नव्यानं आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी पहिल्यांदा ते पाहिलं आणि शिट्टी फुंकून गाडी थांबवली, इंजिन मोडलं म्हणून. त्यांना समजावता समजावता हसून हसून आमचा दम निघाला.

आता खरी मेख. वाफ आधी मागच्या गाड्याला जाते, तिथे काम करून उरलेली वाफ एका जाड नळीतून पुढच्या गाड्याला मिळते. गाडा वळतो, म्हणजे ती नळीही वळली पाहिजे. लोखंडी नळी वळणार कशी? म्हणून तिच्यात खांद्याच्या हाडासारखा गोल सांधा असतो. त्याच्याभोवती तेलात आणि काळ्या भुकटीत मळलेली दोरी गुंडाळायची, वरून कडं बसवायचं आणि सहा नटांनी दाबायचं. नट सैल राहिले तर वाफ गळते. जास्त आवळले तर सांधा धरतो आणि गाडा वळायला कुरकुर करतो. नवी दोरी भरली की नट हातानं लागेल तितका लावायचा, मग पान्यानं अर्धा फेरा. एक खेप मारून यायची, आणि मग हवा असेल तर आणखी थोडा. हे काम माझ्याकडे होतं. सहा वर्षं मी त्या कमरेची काळजी घेतली. बायको म्हणायची, माझी कंबर दुखली तर कधी इतक्या वेळा विचारत नाही.

लचकीचे ड्रायव्हर म्हणजे सुखदेव उस्ताद. माणूस कारंज्याचा. कारंज्याजवळून जाणाऱ्या छोट्या लाइनवर आधी कोळसा टाकायचे, वाफेची नस कळते म्हणून कारखान्यानं बोलावून घेतलं होतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे, लुकडे, डोक्याला कायम पंचा. त्या परमुलखात आपल्याकडची बोली ऐकायची तर तेवढं एकच ठिकाण होतं, म्हणून मी सुट्टीतही शेडमध्ये जाऊन बसायचो. सकाळी थंडीत आमच्या तोडकऱ्यांच्या कोप्यांवरून, म्हणजे पाचटाच्या खोपटांवरून, बाया हंडे घेऊन लाइनवर उभ्या राहायच्या, उस्ताद त्यांना इंजिनातलं गरम पाणी सोडून द्यायचे. सुपरवायझर ओरडला तर म्हणायचे, "साहेब, मी देऊन नाई राह्यलो, लचकीच देऊन राह्यली. तिले सांगा." त्या पाण्याला तेलाचा वास यायचा, पण त्यानं हातपाय धुतले की ऊस तोडून भेगाळलेली बोटं वळायची असं माझी भावजय सांगायची.

भावजयीमुळेच पुढचं सगळं झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. झालं माझ्यामुळे.

कॅनॉलजवळ लाइन गाडीरस्ता ओलांडायची, आणि ओलांडली की लगेच उजवीकडे कातर वळण. त्या हंगामात लचकीचा सांधा गळायला लागला होता. जुनी दोरी संपत आलेली, नवी मागवलेली, येत नव्हती. रस्त्यावर आली की तिच्या कमरेतून फस्सकन वाफ बाहेर पडायची आणि उसाच्या गाड्यांचे बैल बुजायचे. एका सकाळी उत्तमचे बैल बुजले. भावजय गाडीच्या बाजूनं चालत होती. चाक तिच्या पावलावरून गेलं. हाड वाचलं, तीन बोटं गेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उत्तमचा कोयता त्या दिवसापासून अर्धा झाला.

संध्याकाळी मी कोपीवर गेलो. घरात आम्ही आमच्या गोरमाटीत बोलतो, इथे मराठीत लिहितो. उत्तमनं माझ्याकडे पाहिलंही नाही. चूल फुंकत एवढंच म्हणाला, "तू आत साहेब झालास. तुझ्या इंजिनाचं तोंड तरी बंद कर." भावजयीचा पाय एका पोत्यावर ठेवलेला होता.

दोन दिवसांनी नवी दोरी आली. दुपारी लचकी शेडमध्ये होती. मी सांधा उघडला, दोरी भरली, कडं बसवलं आणि नट हातानं लावले. मग पाना घातला. अर्धा फेरा दिला आणि थांबायला हवं होतं. मला पोत्यावरचा पाय दिसत होता. मी एक फेरा दिला, मग दुसरा, मग तिसरा. सहाच्या सहा नटांना तीन तीन. वाफ सोडून पाहिली तर सांध्यातून वाफेची रेघसुद्धा नाही. मला इतकं समाधान झालं की मी कडं फडक्यानं पुसून काढलं. सहा वर्षं ते काम करणारा माणूस ही चूक करत नाही. मी केली, कारण त्या वेळी मी फिटर नव्हतो, उत्तमचा भाऊ होतो.

उस्तादांनी विचारलं, "कंबर झाली का रे?"

"झाली. आता एक थेंब गळनार नाई."

"एक थेंब गळू द्यावा रे," ते म्हणाले आणि चढले.

लचकी रस्ता ओलांडताना शांत होती. बैल बुजले नाहीत, हे मला नंतर गाडीवानांनी सांगितलं. मग वळण आलं. पुढचा गाडा वळलाच नाही. सरळ गेला, चाकं रुळावर चढली आणि खाली मातीत उतरली. मागून उसाचे भरलेले डबे एकमेकांवर आले. कुणी मेलं नाही. कोळसेवाल्यानं उडी मारली होती. उस्तादांचं कपाळ वाफ सोडायच्या हँडलवर आपटून फुटलं होतं.

शेडमधल्यांपैकी मी जॅक आणि लाकडी पाटे घेऊन सगळ्यात आधी पोचलो. उस्तादांच्या डोक्याला कुणीतरी त्यांचाच पंचा बांधला होता, तो लाल झाला होता. पुढचा गाडा उचलायचा तर आधी नळीचा सांधा सैल करावाच लागतो. हे नियमानुसार आहे, त्यात कुणाला वावगं वाटणार नव्हतं. मी खाली वाकलो, कड्यावर हात ठेवला आणि मला कळलं, काय झालंय ते. पाना मागे राहिला होता. मी हात मागे केला आणि म्हणालो, "पाना द्या कोणी." मागून पाना माझ्या हातात आला. वळून पाहिलं तर उस्ताद होते. मी सहाही नट सोडवले, साहेब येण्याआधी.

त्या कारखान्यात माणूस पडला तर चालायचं, गाळप थांबलेलं चालायचं नाही. दीड दिवस गाळप थांबलं. चौकशी झाली. मला विचारलं, सांधा तपासला होता का. मी म्हणालो, हो, नवीन दोरी भरली, व्यवस्थित होता. खोटं बोलायला मला फक्त तेवढं एक वाक्य लागलं. मी खरं बोललो असतो तर पुढच्या हंगामात कोयता घेऊन उत्तमशेजारी उभा असतो, आणि आईची दोरी रिकामी राहिली असती. उस्तादांना विचारलं, वेग किती होता. डोक्याच्या मारानं त्यांना त्या वळणाचं काही आठवत नव्हतं. ते खाली मान घालून म्हणाले, "हँडल बंद करायले उशीर झाला असंन माया हातून." त्यांना काढून टाकलं. कागदावर लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा.

ते कारंज्याला परतले, एका अडत्याकडे धान्याच्या काट्यावर उभे राहिले. चार-पाच वर्षांत ट्रॅक्टर आले आणि छोटी लाइनही उखडली. लचकीला शेडच्या मागे ढकलून दिलं. मी मात्र मिलच्या बॉयलरवर गेलो आणि पूर्ण नोकरी करून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझ्या कामातल्या चोखपणाबद्दल बरंच काही सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, घरच्यांना वाटलं नोकरी सुटल्याचं दुःख असेल.

गावी आल्यावर उस्ताद भेटत राहिले. कधी कारंज्याच्या स्टँडवर, कधी पोहरादेवीच्या यात्रेत. आम्ही चहा प्यायचो, एकाच एसटीत बसायचो. गाडीत पुढे कितीही जागा असली तरी ते सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसत. तिथे हाडं खिळखिळी होतात, पण ऐकायचे नाहीत. आणि रस्त्याला वळण आलं की समोरच्या दांड्याला धरून आपल्याशीच पुटपुटायचे, "हळू. हळू." मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली. खरं तर मी स्वतःला तसं वाटू दिलं.

यंदा कारखान्यातून फोन आला. आता सगळे नवे लोक आहेत. लचकीला रंग देऊन फाटकाजवळ चौथऱ्यावर उभी करणार आहेत, शेजारी पाटीवर तिच्या चालकांची नावं लावणार आहेत. मी जुना माणूस, यादी पाठवा म्हणाले. मी पाच नावं पाठवली, सर्वात वर सुखदेव उस्तादांचं. आठ दिवसांनी त्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. आवाजावरून माझ्या नातीच्या वयाच्या असतील.

"काका, पहिलं नाव घेता येणार नाही. फायलीत अपघाताचा शेरा आहे, दोषी म्हणून. तुमच्याकडे काही वेगळी माहिती असेल तर लेखी द्या, मी वर ठेवीन."

मी म्हणालो, बघतो. जाता जाता त्यांनी सांगितलं की इंजिन चौथऱ्यावर हलू नये म्हणून मधला सांधा वेल्डिंग करून पक्का करून टाकलाय. मी फोन ठेवला. ते काम अर्धं मी आधीच करून ठेवलं होतं.

कारंज्याला जायला मला तीन आठवडे लागले. अंतर तासाभराचं आहे.

उस्ताद आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. लेक शोभाताई त्यांच्याजवळ राहते, अंगणवाडीत आहे. ओट्यावर खाटेवर बसले होते. मी पाटीचं सांगितलं, तेव्हा हसले. "मायं नाव कायले घालतीन ते? म्या त्यायची लचकी पाडली."

"तुमी नाई पाडली, उस्ताद," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. दोरी, फेरे, उत्तम, भावजयीचा पाय, चौकशी. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो.

मग त्यांनी एक एक करून विचारलं, जणू चौकशी आता सुरू झाली होती.

"फेरे किती देल्ले?"

"तीन."

"साऱ्यायले?"

"सहाही नटांना."

"मंग सोडले कवा?"

"गाडा उचलायच्या आधी. साहेब यायचे होते."

"पाना कोनं देल्ला तुले?"

"तुमीच."

त्यांनी उजवा हात वर करून तळवा पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. "इतके वर्सं म्या या हाताले शिव्या देल्या," ते म्हणाले. "पोराचा ट्रॅक्टर होता, तो चालवला नाई. बंडी हाकली नाई. या हातावर माया भरोसाच नवता. अन् तू मायासंग चाय पेत होता."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय वर खाटेवर ओढून घेतले. "ते नको करू. त्यानं तुले बरं वाटंन. मले काय?"

शोभाताई दारात उभी होती. ती मला म्हणाली, "काका, बाबा कधीच कोन्या गाडीत पुढे बसत नाईत. आमाले वाटे, डोक्याले मार लागला म्हनून भेव बसलं."

"लिहून आन," उस्ताद म्हणाले. "मले सांगून काय होते? ज्यायनं मले काढलं त्यायले सांग. अन् साऱ्यायले दिसंन असं लिही. फेरे बराबर लिही." मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि मी निघालो.

त्या रात्री संपादकांना सांगितलं, लेख देतो, पण तो हलका नसेल. कारखान्याला वेगळं पत्र लिहिलं, सही केली, रजिस्टर पोस्टानं पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. नाव पाटीवर लागेल की नाही मला ठाऊक नाही.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी परत कारंज्याला गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. आईच्या दोरीवरच्या पँटपाशी जरा हसले. वळणापाशी आलो तसा त्यांनी हात वर केला.

"एक राह्यलं. त्या वळनाच्या अलीकडं बाभूळ होती. बाभूळ आली का म्या रोज अर्धं हँडल बंद करत होतो. त्या दिवशीबी केलं होतं."

"तुम्हाला आठवतं?"

"आता आठवते," ते म्हणाले. "लिही."

म्हणून लिहितो. बाभळीपाशी त्यांनी हँडल अर्धं बंद केलं होतं. लचकी माणूस चालतो त्याच वेगानं वळणावर गेली होती.

मला माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. शोभाताईनं चहा दिला, तो आम्ही प्यालो. मी निघालो तेव्हा दारात रिक्षा उभी होती. उस्ताद काठी टेकत बाहेर आले. म्हणाले, स्टँडपर्यंत येतो, तेवढाच वारा लागंन. मी त्यांच्यासाठी मागच्या सीटवर सरकून बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काठी माझ्या हातात दिली आणि पुढे जाऊन रिक्षावाल्याच्या शेजारच्या अर्ध्या जागेवर बसले. रिक्षावाला म्हणाला, "बाबा, पडसान." ते म्हणाले, "नाई पडत. तू चालव."

जैन मंदिरापाशी रस्ता एकदम उजवीकडे वळतो. रिक्षावाल्यानं वेग कमी केला नाही. उस्ताद पाठ ताठ करून समोर पाहत बसले होते, काही बोलले नाहीत. मागच्या सीटवरून मीच म्हणालो, "हळू. हळू."